फॅरडे आणि बंद पडलेली बाइक

मायकल फॅरडे १८६७ साली गेला. पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल जर्मनीत तयार झाली ती १८८५ मध्ये. म्हणजे या माणसाने बाइक कधी पाहिली नाही, सेल्फ मारला नाही, आणि इंदूरच्या पावसात पलासियाच्या सिग्नलला गाडी बंद पडली की मागून जे हॉर्न वाजतात तेही ऐकले नाहीत. तरी आपल्या बाइकच्या सीटखाली जी बॅटरी असते आणि इंजिनच्या कव्हरआड जे मॅग्नेट गरगर फिरत असतं, त्या दोन्हींमागचे नियम शोधणारा माणूस एकच, आणि तो हाच.

फिजिक्सवाले त्याच्या नावाचे नियम पाठ करतात. आपल्या मंडळाच्या अंकात त्याच्यावर लिहावंसं वाटलं त्याचं कारण वेगळं. त्याला गणित येत नव्हतं. जे काही शोधलं ते हाताने, डोळ्याने आणि शब्दांनी. आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, ते त्याच्या आयुष्यातून मला जेवढं कळलं तेवढं बाइकच्या मॅन्युअलमधून कळलं नाही.

जन्म २२ सप्टेंबर १७९१, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथे. वडील जेम्स लोहार होते, कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडातून आलेले, आणि तब्येतीने अधू. चार भावंडांत मायकल तिसरा. १८०१ साली महागाई इतकी झाली की नऊ वर्षांच्या या पोराला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी आकडेमोड, बस्स.

१८०४ मध्ये तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. तेव्हा वर्तमानपत्र भाड्याने वाचायला मिळायचं. ते घरोघर पोचवायचं आणि वाचून झालं की परत आणायचं, हे काम. पुढच्या वर्षी रीबोने त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर बाइंडिंगच्या कामाला घेतलं. फॉर्म शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, कातडं ओढायचं. आता बाइंडिंगला आलेलं पुस्तक वाचू नये असा काही नियम नव्हता. मायकल वाचायचा. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड असाच त्याच्या हाताखालून गेला आणि त्यातला विजेवरचा लेख त्याला लागला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपात लिहिलेलं पुस्तकही त्याने असंच वाचलं. पुढे तो जगप्रसिद्ध झाला तरी मार्सेटबाईंना गुरू मानायचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी: हे पुस्तक पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेलं नव्हतं, एक बाई दोन मुलींशी गप्पा मारते असं ते होतं.

पण वाचलं म्हणजे खरं, असं त्याने कधीच धरलं नाही. पुस्तकात लिहिलंय ते परवडेल तेवढ्या सामानात तो करून बघायचा. १८१२ च्या जुलैमध्ये त्याने स्वतःची बॅटरी बनवली. तांब्याची अर्ध्या पेनीची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. व्होल्टाने बारा वर्षांपूर्वी जगाला दाखवलेली हीच युक्ती. त्या चिमुकल्या चवडीवर त्याने एका क्षाराचं द्रावण फोडून दाखवलं. त्याच्या हातची ही पहिली बॅटरी. आपल्या बाइकची बॅटरी याच कुळातली, फक्त तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असतं, आणि ती पुन्हा भरता येते. भरता येणारी ही जात गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये आणली, म्हणजे फॅरडेच्या हयातीतच.

मग त्याचं नशीब उघडलं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हींच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे स्टार. हॉल भरून जायचा. मायकलने त्या व्याख्यानांच्या टिपणांची तीनशेच्या आसपास पानं केली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि डेव्हींना पाठवून दिली. प्रयोगशाळेतल्या स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली होती, तेव्हा काही दिवस लेखनिक म्हणूनही त्याने काम केलं. १ मार्च १८१३ ला तो तिथे मदतनीस झाला. आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. अर्ज म्हणून स्वतः बांधलेलं पुस्तक पाठवणारा दुसरा कुणी उमेदवार मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि सोबत मायकल. दीड वर्ष चाललेली ही सफर त्याचं विद्यापीठ ठरली. पॅरिसमध्ये अँपिअर भेटले, मिलानला म्हातारे व्होल्टा भेटले. बारावीच्या पुस्तकातली एककं त्याला हाडामांसाची भेटत होती म्हणा ना. पण डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी आला नव्हता, त्यामुळे त्याची कामंही मायकलच्या गळ्यात पडली, आणि लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवायच्या. जेवायला वेगळं बसायचं. परत निघून जावं इथपर्यंत त्याच्या मनात आलं होतं. तो गेला नाही.

हे सगळं जरा सविस्तर लिहिलं, कारण पुढे जे घडलं ते यातूनच आलं. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसुई हलते. युरोपभर धांदल उडाली. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडेने पाऱ्याच्या वाटीत चुंबक उभं करून त्याच्याभोवती करंटची तार फिरती ठेवली. जगातली ही पहिली विजेची मोटर. आपला सेल्फ स्टार्टर तिचाच नातू. हे त्याने घाईने छापलं. वुलस्टन नावाचे मोठे शास्त्रज्ञ याच दिशेने काही करून पाहत होते आणि त्यांचं नाव लेखात नव्हतं. झालं, लोहाराच्या पोराने साहेबाची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. वुलस्टनचा प्रयोग वेगळा होता, आणि फॅरडे छापण्याआधी त्यांना भेटायला गेला तेव्हा ते लंडनबाहेर होते. पण कुजबुजीला पुरावा लागत नाही. १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचं नाव पुढे आलं तेव्हा शिफारस करणाऱ्यांत खुद्द वुलस्टन होते आणि विरोधात सोसायटीचे अध्यक्ष डेव्ही. नाव मागे घे असं डेव्हींनी त्याला सांगितलं. त्याने नकार दिला. जानेवारी १८२४ मध्ये मतदान झालं आणि विरोधात एकच मत पडलं. ते कुणाचं, हे मतदान गुप्त असल्यामुळे कागदावर नाही. फॅरडेने डेव्हींबद्दल पुढे आयुष्यभर आदरानेच बोलणं ठेवलं. मला हे थोडं अवघड जातं, पण त्याचा स्वभाव तसा होता खरा.

आता मुख्य गोष्ट. करंटमुळे चुंबकत्व येतं, तर चुंबकामुळे करंट का येऊ नये? हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या डोक्यात होता. फॅरडेने १८२५ मध्ये प्रयोग केला, काही मिळालं नाही, तसं वहीत लिहून ठेवलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. मध्ये रॉयल सोसायटीने त्याला दुर्बिणीची काच सुधारण्याच्या कामाला जुंपलं, त्यात काही वर्षं गेली. १८३१ च्या उन्हाळ्यात त्यातून सुटका झाली आणि २९ ऑगस्टला तो परत या प्रश्नाकडे आला.

मऊ लोखंडाची एक कडी, बाहेरून सहा इंच व्यासाची, जेमतेम इंचभर जाड. एका बाजूला तांब्याची तार गुंडाळलेली, दुसऱ्या बाजूला वेगळी तार. तारांना आजच्यासारखं इनॅमल नव्हतं, म्हणून वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घातलेलं. (बाइंडरचे हात आहेत हे.) पहिल्या तारेला बॅटरी, दुसरीचं टोक तीन फुटांवरच्या चुंबकसुईवरून नेलेलं. बॅटरी जोडली. सुई हलली, थरथरली आणि परत जागेवर. बॅटरी जोडलेलीच आहे, करंट वाहतोच आहे, सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली. सुई पुन्हा हलली, या वेळी उलट बाजूला.

इथेच बाकीचे हुकले होते. सगळे जण सलग वाहणारा करंट शोधत होते. सुई क्षणभर हलते ती कुणी पाहायला थांबत नव्हतं. जिनीव्हाच्या कोलाडाँची हकिगत तर चटका लावणारी आहे. त्याने १८२५ मध्ये मोठं चुंबक घेऊन हाच प्रयोग केला. चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून मीटर शेजारच्या खोलीत ठेवलं. चुंबक कॉइलमध्ये घालायचं, मग चालत जाऊन मीटर बघायचं. तो पोचेपर्यंत सुई परत शून्यावर. शोध त्याच्या घरात होऊन गेला आणि त्याला दिसला नाही.

फॅरडे मात्र त्या क्षणिक हलण्यावर अडून बसला. १७ ऑक्टोबरला कागदाच्या नळीवर तार गुंडाळून त्याने त्यात लोहचुंबक सर्रकन घातलं. सुई हलली. बाहेर ओढलं, उलट हलली. आत नुसतं ठेवलं, काही नाही. २८ ऑक्टोबरला वूलविचला रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि फिरवत राहिला, तेव्हा करंट सलग मिळाला. चुंबक स्थिर असेल तर काही मिळत नाही. हलत राहिलं पाहिजे, आणि जितकं जोरात तितकं जास्त.

तेव्हा आपल्या इंदुरात तिसऱ्या मल्हारराव होळकरांचं राज्य होतं, मंदसौरच्या तहानंतर राजधानी इथे येऊन तेरा वर्षं झाली होती, आणि रात्री दिवे तेलाचेच होते.

आता बाइककडे येते. इंजिनच्या क्रँकला मॅग्नेटची वाटी बसवलेली असते, ती इंजिनबरोबर फिरते. तिच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल प्लेट घट्ट बसलेली असते, ती हलत नाही. म्हणजे कागदाच्या नळीचाच प्रयोग, मिनिटाला हजारो वेळा. सुई दोन्ही बाजूंना हलायची ना, तसाच हा करंटही उलटसुलट येतो, म्हणजे एसी. बॅटरीला तो चालत नाही. म्हणून मध्ये रेक्टिफायर रेग्युलेटर असतो. तो करंट एका दिशेचा करतो आणि जास्तीचा व्होल्टेज अडवतो. जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालायचा, त्यामुळे रेस दिली की उजळायचा आणि सिग्नलला मलूल व्हायचा. १८३१ चा नियम याहून स्पष्ट कुठे दिसणार? सिग्नलला हेडलाइट लावून, इंजिन नुसतं घुटमळत ठेवून उभे राहिलो तर मॅग्नेट हळू फिरतं. भरणं कमी, खर्च जास्त. राजवाड्याच्या गर्दीत रोज दोन-दोन किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांच्या बॅटऱ्या लवकर का जातात, ते यावरून कळेल.

आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात बाबांच्या बाइकला नवी बॅटरी टाकली. पंधरा दिवसांत सेल्फ पुन्हा टकटक करून गप्प. दुकानदार म्हणाला, दुसरी टाका. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्रीकाका म्हणाले, थांबा. त्यांच्याकडे काटा असलेला जुना मीटर आहे. शिक्षण आठवीपर्यंत. त्यांनी जे केलं ते एवढंच.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला. बॅटरीत सहा घरं, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचं, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमची रिकामी होती. ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरली, तासन्‌तास तशीच ठेवली आणि पुन्हा मोजली. टिकली. मग सेल्फ दाबताना मीटर बघितला. चांगली बॅटरी तेव्हा दहाच्या आसपास राहते, ९.५ च्या खूप खाली कोसळली तर ती आतून गेलेली, मग नुसत्या उभ्या गाडीत १२.६ दाखवो की काही दाखवो. आमची कोसळली नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग गाडी चालू करून रेस दिली. बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवं. आलं १२.४, आणि रेस वाढवली तरी तेवढंच. म्हणजे बॅटरी भरलीच जात नव्हती. मग कॉइलच्या तीन पिवळ्या तारा रेग्युलेटरपासून सोडवल्या, मीटर एसीवर केला, आणि एकेका जोडीवर रेस देऊन पाहिलं. तिन्ही जोड्यांवर सारखंच यायला हवं. आलं. इंजिन बंद करून तार आणि बॉडी यांच्यात जोड लागतोय का पाहिलं. लागला नाही. म्हणजे कॉइलही ठीक. उरला रेग्युलेटर. तोही लगेच फेकला नाही. आधी त्याचा कनेक्टर उघडला. आतली एक पिन वितळून काळी पडली होती. कनेक्टर बदलला, गाडी चालू, १४.१.

काका पूर्ण वेळ काट्याकडे बघत होते आणि रेस द्यायला माझ्या भावाला बसवलं होतं. कोलाडाँने असा एक भाऊ शेजारच्या खोलीत उभा केला असता तर पुस्तकात आज त्याचं नाव असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे फॅरडेचं सगळ्यात मोठं शास्त्र. नवी बॅटरी टाकली की गाडी चालते हे खरं, कारण नवी बॅटरी भरून येते. ती संपेपर्यंत सगळे खुश. बिघाड सापडला असं वाटतं आणि तो जागच्या जागी असतो. काही गॅरेजमध्ये अजून एक जुनी पद्धत आहे: गाडी चालू असताना बॅटरीची तार काढायची, इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग ठीक. हे करू नका. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज उसळतो आणि आजच्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक भाग जाऊ शकतात. आणि एवढं करूनही चार्जिंग किती होतंय ते कळत नाहीच.

फॅरडेचा पुढचा पाठ बॅटरीच्या पोटातला आहे. १८३२ ते १८३४ मध्ये त्याने करंटने द्रव फोडण्याचे नियम ठरवले: जेवढी वीज जाईल तेवढ्याच प्रमाणात पदार्थ सुटा होईल, एक कणही कमीजास्त नाही. वीज मोजायला त्याने यंत्रही तसंच केलं. पाण्यातून करंट सोडायचा आणि निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजन नळीत मोजायचा. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज पंधराच्या वर गेला की तुमच्या बॅटरीचंही हेच यंत्र होतं. पाणी फुटून वायू होतं, पातळी उतरत जाते, डिस्टिल्ड वॉटर पुन्हा पुन्हा घालावं लागतं. म्हणून पाणी वारंवार कमी होत असेल तर आधी व्होल्टेज मोजावा. आणि जवळ काडी पेटवू नये, तो हायड्रोजन आहे. उलट बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी पडली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते मग चार्जिंगनेही विरघळत नाहीत. सुट्टीत गावाला जाताना गाडी तशीच उभी करून जाणाऱ्यांनी हे वाचावं.

याच काळात त्याला शब्द कमी पडले. तोपर्यंत द्रवात बुडवलेल्या टोकांना ध्रुव म्हणायचे, जणू ती टोकं कणांना ओढून घेतात. फॅरडेला ते पटत नव्हतं. चुकीचा शब्द वापरला तर विचारही चुकीच्या वाटेने जातो, असं त्याचं म्हणणं. मग त्याने केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएलशी पत्रव्यवहार केला. सायंटिस्ट हा शब्द ज्याने घडवला तोच हा माणूस. दोघांनी ग्रीकमध्ये उकरून अॅनोड आणि कॅथोड काढले: वर जायची वाट आणि खाली जायची वाट, त्यात सूर्य उगवतो आणि मावळतो त्या दिशांचा धागा. आणि आयन, म्हणजे जाणारा. मराठीत आपण धनाग्र, ऋणाग्र म्हणतो. अर्थ चोख आहे, पण सूर्य गेला. आपल्या मंडळात परिभाषेवर वाद निघतो तेव्हा मला ही पत्रं आठवतात. विजेचा सर्वांत मोठा प्रयोगकर्ता आठवडे घालवतो कशात, तर चार शब्दांत.

तो कोणत्या घरात वाढला हेही सांगायला हवं. फॅरडे कुटुंब सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचं. १८२१ मध्ये साराह बर्नार्डशी त्याचं लग्न झालं, तीही त्याच पंथातली, आणि त्याच वर्षी त्याने मंडळीपुढे विश्वासाची जाहीर कबुली दिली. आम्हा कॅथलिकांना फादर, वेदी, मिस्सा यांची सवय. या पंथात पगारी धर्मगुरूच नसत. मंडळीतूनच वडील निवडले जात, आणि फॅरडे दोनदा वडील झाला. साठवून ठेवायचं नाही, गरजूला द्यायचं, मान मिरवायचा नाही, हे तो अक्षरशः पाळायचा. सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. इंडक्शनवर पेटंट घेतलं नाही. मूलबाळ नव्हतं. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या माळ्यावर नवराबायको चाळीसहून जास्त वर्षं राहिले. मुलांसाठी ख्रिसमसची व्याख्यानं मात्र त्याने १८२७ पासून १८६० पर्यंत एकोणीस वेळा दिली.

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं. लोक टेबलाभोवती हात टेकून बसायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. आत्मे म्हणा, वीज म्हणा. फॅरडेने बसणाऱ्यांना खोटारडं ठरवलं नाही. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर आणि एक हलका काटा बसवला. टेबल हातांना ओढतंय की हात टेबलाला ढकलतायत, ते काट्यावर दिसे. हात ढकलत होते, तेही बसणाऱ्यांच्या नकळत. गंमत पुढे आहे: काटा त्यांना दिसेल असा ठेवला की टेबल फिरायचंच थांबायचं.

या सगळ्यात एक दुखणं आत वाढत होतं. १८४० च्या सुमारास त्याला चक्कर यायला लागली, स्मरण दगा द्यायला लागलं. १८४१ मध्ये काही महिने स्वित्झर्लंडला विश्रांती घ्यावी लागली. परत आल्यावर कामाला लागला, १८४५ मध्ये प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध शोधला, पण विसरणं वाढतच गेलं. वही होती म्हणून चाललं. १८३२ पासून त्याने नोंदींना सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली होती, आणि तो आकडा सोळा हजारांवर गेला. आपणच काय केलंय ते तो वहीत शोधायचा. तरुण मॅक्सवेलने त्याच्या कल्पनांना गणितात बसवलं तेव्हा म्हाताऱ्याने पत्र लिहून विचारलं, की हेच निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का. मला हा प्रश्न भारी वाटतो.

इंडक्शनचं पुढे काय झालं ते त्याला पाहायला मिळालं. तो दीपगृहांच्या संस्थेचा सल्लागार होता. डोव्हरजवळच्या साउथ फोरलंडला १८५८ पासून चुंबक आणि कॉइलच्या प्रचंड यंत्रावर दिवा लावून पाहत होते. फेब्रुवारी १८६० मध्ये तो तपासायला अडुसष्ट वर्षांचा फॅरडे निघाला. बर्फाने वाटा बंद. पहिल्या खेपेला परत फिरावं लागलं. दुसऱ्या खेपेला कुंपणं आणि भिंती ओलांडत, शेतांतून चालत तो पोचला. यंत्र पाहिलं, दिवा पाहिला आणि अहवाल लिहिला.

शेवटचा प्रयोग मार्च १८६२ मधला. ज्योतीच्या प्रकाशाच्या रेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का, हे त्याला पाहायचं होतं. काही दिसलं नाही. काही दिसलं नाही असं त्याने वहीत लिहिलं. चौतीस वर्षांनी हॉलंडच्या पीटर झीमानने जास्त ताकदीचं चुंबक आणि जास्त बारीक यंत्र घेऊन तोच प्रयोग केला. परिणाम दिसला, आणि १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हाताऱ्याने असा प्रयत्न केला होता हे वाचूनच तो या कामाकडे पुन्हा वळला होता.

२५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरात, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या फॅरडे गेला. वेस्टमिन्स्टर अॅबेत जागा मिळाली असती, पण ते त्याला नको होतं. हायगेटच्या दफनभूमीत, इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात त्याला पुरलं. दगडावर नाव आणि दोन तारखा आहेत.